माशीची कोवळी अळी ओळखताना या चुका टाळा

पाऊस स्थिरावला की आरेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, अगदी सोसायटीच्या खताच्या ड्रममध्येही पांढुरक्या अळ्या दिसायला लागतात. फोटो निघतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो, "ही कुठल्या माशीची?" बहुतेक फोटोंवरून उत्तर देताच येत नाही, कारण जे पाहायला हवं ते त्यात नसतं.

पाय न मोजणे. माशी, डास, चिलटं यांच्या अळीला सांध्यांचे पाय कधीच नसतात. छातीशी पायांच्या तीन जोड्या दिसल्या तर ती सुरवंट, हुमणी किंवा आणखी कुणाची तरी अळी. पण बिनपायाची म्हणजे माशीचीच, असंही धरू नका. आंब्याच्या कोयीत सापडणारी सोंडकिड्याची अळी बिनपायाची असते, मात्र तिचं डोकं तपकिरी आणि टणक दिसतं. गरात वळवळणाऱ्या फळमाशीच्या अळीला असं डोकंच नसतं. निमुळत्या टोकाला तोंडाचे काळे आकडे तेवढे दिसतात.

शेपटीला तोंड समजणे. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बोथट टोकावरचे दोन तपकिरी ठिपके डोळे वाटतात आणि नेमका त्यांचा फोटो "चेहरा" म्हणून पाठवला जातो. ती मागची श्वासरंध्रं आहेत. तोंड दुसऱ्या, निमुळत्या टोकाला. फोटो दोन्ही टोकांचे हवेत, पण ओळख पटवायला मागचं टोक जास्त कामाचं, म्हणून तिथे भिंग लावा. घरमाशी, हिरवी-निळी माशी यांच्या अळ्या वाढताना दोनदा कात टाकतात, म्हणजे अळीच्या तीन अवस्था होतात. हिरव्या-निळ्या माशीच्या दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक रंध्रावर दोन फटी असतात, तिसऱ्या अवस्थेत तीन. ओळखीचे तक्ते बहुतेक या तिसऱ्या अवस्थेवर बेतलेले असतात. म्हणूनच कोवळ्या अळीला जातीचं नाव देण्याची घाई नको. कुळापर्यंत पोचलात तरी काम चांगलं झालं.

लहान म्हणजे कोवळीच, हेही खरं नाही. केळ्यावरच्या चिलटाची पूर्ण वाढलेली अळी चार-पाच मिलिमीटरचीच असते.

जागा न नोंदवणे. अळी कशावर होती, हे अर्धं उत्तर असतं. साचलेल्या पाण्याच्या तळाशी लालभडक अळी दिसली तर ती न चावणाऱ्या, डासासारख्या चिलटाची. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. घाण पाण्यात लांब शेपटीसारखी श्वासनळी वर काढून बसलेली अळी एका फूलमाशीची. खताच्या ड्रममधली चपटी, चिवट कातडीची, करड्या रंगाची अळी सैनिक माशीची. ती ओला कचरा झपाट्याने संपवते, तिला औषध मारून संपवू नका. माव्याने, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, भरलेल्या फांदीवर सरपटणारी हिरवट, चिकट अळी तर हमखास कीड म्हणून चिरडली जाते. ती फूलमाशीची असते आणि मावा खाऊनच मोठी होते. ओळख चुकली की आपल्याच झाडाचा राखणदार मरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अळी वाढवून न पाहणे. खात्रीचा मार्ग हाच. बरणीत अळी ज्यावर सापडली तेच खाणं ठेवा, तळाशी दोन बोटं ओलसर माती घाला, तोंडाला मलमल बांधा, वर तारीख आणि जागा लिहा. झाकण घट्ट लावलंत तर आत बुरशी धरते. कोष झाला की तो हलवू नका. माशी बाहेर आली की तिचे पंख पूर्ण उलगडू द्या, मगच फोटो घ्या. डासांच्या अळ्या मात्र घरी वाढवू नका. राष्ट्रीय उद्यानातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. तिथे फोटोवरच भागवा.

नमुना जपायचा असेल तर जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका; ती आक्रसते, काळी पडते आणि श्वासरंध्रं दिसेनाशी होतात. आधी थोडा वेळ कडक गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात ठेवा, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.