गंभीर टेस्ट फेल झाली तरी रन चालूच राहतो? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे, वजन आणि शेतकऱ्याची पट्टी सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या आपोआप चालणाऱ्या टेस्टच्या एका फेरीत, म्हणजे रनमध्ये, लॉगिनच बंद असेल तर पुढच्या सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे फेल, होणार, हे ठरलेलंच. तरी रन शेवटपर्यंत धावतो आणि रिपोर्ट उघडणाऱ्याला त्या लाल ढिगातून एक खरा दोष उपसावा लागतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पायटेस्टला (पायथॉनमध्ये टेस्ट चालवायचं साधन) ‘-एक्स’, म्हणजे पहिल्याच फेलला थांबवणारा पर्याय, लावून मोकळं होणं. ही पहिली चूक. मग पट्टीवरच्या तारखेचा फॉरमॅट चुकला तरी रन थांबतो आणि आडत-हमालीच्या हिशोबातली खरी चूक त्या दिवशी कळतच नाही. थांबायचं ते फक्त लॉगिन, डेटाबेस जोडणी, सौद्याची नोंद अशा मोजक्या टेस्टवर. जावाच्या टेस्टएनजी या टेस्ट-साधनात त्यासाठी ‘डिपेंड्सऑनग्रुप्स’ आहे: मुख्य गट फेल झाला की त्यावर अवलंबून असलेल्या टेस्ट ‘स्किप’ दिसतात, ‘फेल’ नाही. रिपोर्ट वाचणाऱ्याला हा फरक फार मोलाचा असतो. आणि या टेस्ट आधी धावल्या पाहिजेत; शेवटी धावणारी लॉगिन टेस्ट कुणाला थांबवणार?

दुसरी चूक थांबवण्याच्या पद्धतीत होते. पायटेस्टच्या टेस्टमध्ये ‘सिस डॉट एक्झिट’ (पायथॉन प्रोग्राम बंद करण्याची आज्ञा) लिहिलं तर रन थांबत नाही. तेवढी एक टेस्ट फेल धरून तो पुढे जातो. तिथे ‘पायटेस्ट डॉट एक्झिट’ हवं. जावात उलट: ‘सिस्टिम डॉट एक्झिट’ अख्खं जेव्हीएम, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणाच, बंद करतं, सगळ्या टेस्टनंतर धावणारी ‘आफ्टरस्वीट’ मेथड धावत नाही, रिपोर्टही अर्धवट राहतो. अर्धा सौदा डेटाबेसमध्ये तसाच पडून राहिला, की पुढच्या रनला तोच लॉट नंबर पुन्हा टाकताना ‘आधीच नोंद आहे’ अशी एरर येते आणि सगळे भलत्याच दोषामागे धावतात. म्हणून ‘सिस्टिम डॉट एक्झिट’ टाळा आणि साफसफाईच्या मेथडला ‘ऑलवेजरन’ (आधीचं काही फेल झालं तरी धाव) खरं ठेवा. शिवाय रन सुरू होतानाही जुना टेस्ट डेटा पुसा, कारण वीज गेली तर शेवटची साफसफाई होतच नाही.

टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्समध्ये समांतर शाखा (एकाच वेळी चालणारे टेस्टचे भाग) असतील तर ‘फेलफास्ट’ (एक फेल झाला की बाकी थांबव) सांगावं लागतं, नाहीतर बाकीच्या शाखा चालूच राहतात. तशाच कामाच्या गिटहब अ‍ॅक्शन्सच्या मॅट्रिक्समध्ये (एकच काम वेगवेगळ्या सेटिंगवर एकाच वेळी चालवणं) ते मुळातच चालू असतं.

सगळ्यात घातक चूक मात्र कमांडच्या शेवटी ‘|| ट्रू’ (आधीची कमांड फेल झाली तरी यशस्वी धर) जोडण्याची. टेस्ट फेल झाल्यावर पायटेस्ट १ हा एक्झिट कोड (संपताना दिलेला निकालाचा आकडा; ० म्हणजे यशस्वी) देतो. या जोडणीमुळे पाइपलाइनला (टेस्टपासून सॉफ्टवेअर पोचवण्यापर्यंतच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) ० मिळतो, बिल्ड हिरवं दिसतं आणि मोडकं लॉगिन थेट आडत्याच्या काउंटरवर पोचतं. आजच पाइपलाइनची फाइल उघडून ते शोधा आणि काढून टाका.