पुन्हा धावायला लागताना

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर धावायला लागलं की फसवतो तो दम. दोन-तीन आठवड्यांत श्वास सुधारतो, पण नडगीचं हाड आणि टाचेमागचा स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. त्यामुळे ‘आज बरं वाटतंय, अजून एक चक्कर मारू’ या मोहात पडू नका.

आधी ५ मिनिटं भरभर चाला. मग १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ६ ते ८ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, तेही एकाआड एक. वेग इतकाच, की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. बागेतले आजोबा भरभर चालत पुढे निघून गेले तर जाऊ द्या!

नडगी दुखली तर तिच्या आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. दुखणं कडेभर पसरलेलं असेल तर काही दिवस धावणं थांबवा, नुसतं चाला. पण रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, डॉक्टरांना दाखवाच. बीपी, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांना धावायला लागण्याआधीच विचारा.