टॉवर नसलेल्या रनवेवर उतरताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं आता बऱ्यापैकी पायलट व्हायला निघालीत, चांगलंच आहे. पण यातली बरीचशी सांबऱ्याच्या (बेळगाव एअरपोर्टच्या) टॉवरचा, म्हणजे कंट्रोलवाल्याचा, आवाज कानात घालून शिकलेली असतात आणि मग उड्डाणाचे अवर्स पूर्ण करायला अमेरिकेला नाहीतर कुठल्यातरी छोट्या पट्टीवर जातात, जिथं वर काचेच्या खोलीत बसून तुम्हाला सांभाळणारं कुणी नसतं. अमेरिकेत सगळ्यांना खुले असलेले एअरपोर्ट 5,000 च्या घरात आहेत आणि टॉवर आहे जेमतेम 500 वर. म्हणजे टॉवर नसणं हेच तिकडचं नॉर्मल. सुट्टीला आली की ही मंडळी चहाला येतात आणि प्रत्येकाची तीच रड, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, रेडिओवर ऐकलं म्हणजे दिसलं असं धरून चालणं. माझं डोकं सगळ्यात जास्त यावरच फिरतं.

एक किस्सा सांगतो. एका छोट्या पट्टीवर विद्यार्थ्याबरोबर सर्किट मारत होतो, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या चौकोनी वाटेनं फेऱ्या, पोरगं हुशार, चिकोडीकडचं, आरटी (रेडिओवर बोलायची ठरलेली भाषा) एकदम पाठ. पुढच्या विमानानं बेसवर (उतरण्याआधीच्या आडव्या बाजूवर) आल्याचा कॉल दिला आणि यानं झटक्यात बटण दाबून सांगितलं, ट्रॅफिक इन साइट, म्हणजे विमान दिसलं. मी म्हटलं, "कुठं आहे? बोट दाखव बघू." बोट वर आलं, जरा डावीकडं गेलं, जरा उजवीकडं गेलं आणि शेवटी काचेवर चिकटून मेलेल्या एका किड्यावर थांबलं. "सर, तिथंच असणार की." अरे असणार म्हणजे काय? तुझ्या त्या कॉलवर विश्वास ठेवून पुढचा माणूस आता मागं बघायचंच सोडणार! खरं विमान खाली होतं, शेतांच्या पार्श्वभूमीवर, पांढरं असूनही दिसत नव्हतं. मी कंट्रोल घेतला, डाऊनविंड (सर्किटची रनवेला समांतर बाजू) लांबवला आणि ते उतरून बाहेर पडेपर्यंत आम्ही लांबच राहिलो. पोरगं खाली उतरेपर्यंत गप्प.

तेव्हापासून माझ्या विमानात नियम एकच, कॉल ऐकला की बोट दाखवायचं. बोट ठरत नसेल तर रेडिओवर स्पष्ट सांगायचं, दिसत नाहीये, तुम्ही नक्की कुठं आहात? यात लाज कसली? पुस्तकात ही पद्धत सापडणार नाही, पण मला हीच पटते.

आणि ही नुसती माझी किरकिर नाही. 19 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ, अमेरिकेतलं इलिनॉय, क्विन्सी नावाचं टॉवर नसलेलं एअरपोर्ट. प्रवाशांचं बीच 1900 रनवे 13 वर (नंबर म्हणजे रनवेची कंपासवरची दिशा, शेवटचं शून्य सोडून) उतरायला येत होतं आणि त्याला छेदणाऱ्या रनवे 04 वर एक किंग एअर टेकऑफसाठी उभं, त्याच्या मागं छोटं चेरोकी. 1900 च्या पायलटनी सरळ विचारलं की 04 वरचं विमान थांबणार की निघणार. उत्तर आलं, 04 वर होल्डिंग. पण ते उत्तर चेरोकीवाल्याचं होतं, त्यात नेमका 1900 च्याच कॉकपिटमधला वॉर्निंगचा आवाज मध्ये आला आणि 1900 वाल्यांनी समजून घेतलं की किंग एअरच बोललं. किंग एअर त्या प्रश्नावर काहीच बोललं नव्हतं. ते सुटलं, दोन्ही रनवे जिथं एकमेकांना कापतात तिथं धडक झाली आणि 14 माणसं गेली. 1900 मधले लोक धडकेतून वाचले होते, पण दार उघडलं नाही आणि आग, धुरात गेले. चौकशीत मुख्य ठपका आला किंग एअरवाल्यांवर, ना फ्रिक्वेन्सी नीट ऐकली, ना बाहेर नीट बघितलं. पण मी पोरांना दुसरी बाजूही सांगतो, की उत्तर आलं तरी ते कुणाकडून आलं हे विमानाच्या नावासकट परत विचारून घ्या. एक वाक्य जास्त गेलं तर बॅटरी संपत नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे रनवेवर जाऊन उभं राहणं. टॉवरवाला लाइन-अप अँड वेट (रनवेवर येऊन थांबा) सांगतो तेव्हा तुमच्या पाठीमागं काय येतंय ते तो बघत असतो. इथं कोण बघतंय? तरी पोरं थ्रेशोल्डवर (रनवेच्या सुरुवातीला) जाऊन थांबणार, मग ट्रान्सपॉन्डर (रडारला विमान दाखवणारं यंत्र), मग जीपीएसमध्ये रूट, मग आठवलं म्हणून सीट पुढं. ऊस सीझनला चिकोडी रोडवर रात्री टेललाइट नसलेली ट्रॉली उभी असते ना, अगदी तसं, फायनलवरून (उतरायच्या शेवटच्या सरळ रेषेवरून) येणाऱ्याला डांबरावर उभं विमान फार उशिरा दिसतं आणि तुमचं तर तोंडच तिकडं नाही. सगळी तपासणी होल्डिंग पॉइंटच्या (रनवेआधी थांबायच्या रेषेच्या) अलीकडं उरकायची. मग विमान फायनलकडं तोंड करून तिरकं लावायचं, फायनल आणि बेस दोन्ही डोळ्यानं झाडून घ्यायचे, समोरच्या टोकाकडूनही कोणी उतरत नाही ना बघायचं, कॉल द्यायचा आणि आत शिरलं की निघायचं. घाई असेल तर ती आत शिरल्यावर दाखवा, आत शिरायला नको.

छोट्या पट्टीला टॅक्सीवे (रनवेपर्यंत न्यायचा बाजूचा रस्ता) पूर्ण नसतो, बॅकट्रॅक (रनवेवरूनच उलट्या दिशेनं जाणं) करावा लागतो, तेव्हा शेपूट होल्डिंगच्या रेषेच्या पलीकडं गेल्याशिवाय रनवे मोकळा झाल्याचा कॉल देऊ नका.

08 म्हणायचं तिथं 26, म्हणजे त्याच रनवेचं उलटं टोक, म्हणणारे पण खूप. बोलण्याआधी कंपासवर नजर टाका, विषय संपला.

गावाचं नाव कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडं. 122.8 या एकाच फ्रिक्वेन्सीवर कितीतरी एअरपोर्ट बसलेत, उंचावरून तिसऱ्याच गावाचं ट्रॅफिक ऐकू येतं.

"आजूबाजूला कोण असाल तर कळवा" असं विचारत येऊ नका, एफएएनं (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं) हा कॉल वापरू नका म्हणून लिहूनच ठेवलंय. दहा मैलावरून ऐकायला लागा, आपोआप कळतं कोण कुठं आहे. आणि ज्याच्याकडं रेडिओच नाही तो तरीही कळत नाही, तसं उडणं बऱ्याच ठिकाणी कायदेशीर आहे. टॅबलेटवरच्या ट्रॅफिकचं पण तेच, सगळी विमानं त्यात नसतात.

आता स्ट्रेट-इन. सर्किट न करता लांबून सरळ फायनलला येणं बेकायदा नाही, पण शॉर्टकट मारणाऱ्याला वाटतं की आपण आधी कॉल दिला म्हणजे नंबर आपला. 18 ऑगस्ट 2022 ला कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला सेसना 152 सर्किटमध्ये होतं आणि दोन इंजिनांचं सेसना 340 सरळ आलं, 180 नॉटच्या (तासाला 180 सागरी मैलांच्या) आसपास. फायनलवर मागून धडकलं, तीन जण गेले. हिशोब करून बघा, 180 नॉटनं तीन मैल एका मिनिटात संपतात, 152 ला त्याच अंतराला अडीच मिनिटं सहज लागतात. त्यामुळं समोरचा "तीन मैल फायनल" म्हणाला की मी आधी विमान कुठलं ते विचारतो, अंतर नंतर. स्ट्रेट-इन येणाऱ्यानं सर्किटच्या स्पीडला यायचं, जमत नसेल तर डोक्यावरून जाऊन सर्किटमध्ये सामील व्हायचं, पाच मिनिटांचं पेट्रोल जाईल, जाऊ दे.

खालच्या विमानाला उतरायचा पहिला हक्क असतो हे खरं, पण म्हणून मुद्दाम खाली घुसून दुसऱ्याच्या पुढं कट मारायचा हक्क मिळत नाही, त्याच नियमात पुढं लिहिलंय. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही.

गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) करताना रनवेच्या बरोबर वरून चढू नका, खालून कुणी टेकऑफ करत असेल तर तो तुमच्या पोटाखाली येतो, तुम्हाला दिसत नाही आणि हाय-विंग (पंख वर असलेलं विमान) असेल तर त्यालाही वरचं दिसत नाही. लेफ्ट सर्किट असेल तर जरा उजवीकडं सरका, म्हणजे डाव्या सीटवरून रनवे आणि खालचं विमान दोन्ही दिसत राहतं. तो वळेपर्यंत तुम्ही क्रॉसविंडला (टेकऑफनंतरच्या पहिल्या आडव्या बाजूला) वळू नका.