मिलिटरीचा ट्रक घेऊन पाण्याचा टँकर करायचाय, पण पासिंगचं काय?

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा असं सगळं पाणी, तरी उन्हाळा लागला की पाड्यांवर हंडे रांगेत लागलेले, धरण उशाला कोरड घशाला म्हणतात ते हेच. मग ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या मंडळाच्या नाहीतर ट्रस्टच्या डोक्यात येतं की लष्कराचा जुना फोर बाय फोर लिलावात घेऊ, टाकी बसवू, कच्च्या चढावर साधा टँकर अडकतो तिथे हा जाईल तरी. कल्पना चांगलीच आहे. पण लोक आधी ट्रक घेतात, मग टाकी बनवतात आणि शेवटी आरटीओत जातात, तो क्रम पूर्ण उलटा करा.

पहिली गोष्ट, हे ट्रान्सफर नाहीये. ट्रक लष्कराचा आहे तोपर्यंत त्याची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली असते, तो बाणवाला नंबर त्यातलाच. मालकी सुटली की कलम ३९ आणि ४० लागू, म्हणजे नवीन गाडीसारखंच पहिल्यापासून रजिस्ट्रेशन. एजंट म्हणाला "ट्रान्सफर मारून देतो", तर चहा पिऊन उठायचं.

लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर असतात, जसं आहे जिथे आहे या अटीवर, आधी ईएमडी, म्हणजे बोलीची अनामत, भरायचं. लॉटचं वर्णन नीट वाचा, फक्त स्क्रॅपिंगसाठी काढलेला लॉट असेल तर इंजिन कितीही गोड वाजू दे, तो रस्त्यावर येणार नाही. शिवाय दोन तारखा डोक्यात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवत नाहीत, त्या मोडीतच काढायच्या, लष्करी कामाच्या खास गाड्यांना सूट आहे पण ती लष्कराच्या कामासाठी, तुमच्या टँकरसाठी नाही. आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीला बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नॉर्म) इंजिन लागतं, आणि तुमच्या ट्रकची नागरी नोंदणी तर पहिलीच होणार. म्हणून बोली लावायच्या आधी लॉटमधलं मॉडेल, उत्पादन वर्ष आणि इंजिनचा नॉर्म लिहून आरटीओला रीतसर अर्ज द्या, इनवर्डचा शिक्का घ्या, आणि उत्तर लेखी मागा. काउंटरवरचं "होऊन जाईल साहेब" धरू नका. नाही म्हणाले तर ईएमडी तरी वाचलं, आणि ट्रक-टाकीला घालणार होता त्या पैशात सेकंडहँड सिव्हिल टँकर बघा, माझं प्रामाणिक मत विचाराल तर निम्म्या लोकांनी तेच करावं.

ज्या आरटीओच्या हद्दीत संस्थेचा पत्ता तिथेच अर्ज, ठाणे एमएच ०४, कल्याण ०५, वाशी ४३, पनवेल ४६. गाडी संस्थेच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या नावावर नको, नंतर भांडणं होतात. संस्थेचा ठराव, पॅन, पत्त्याचा पुरावा लागेल.

कागदांमध्ये राजा एकच, फॉर्म २१ मधला ओरिजिनल विक्री दाखला. केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ मध्ये माजी लष्करी गाड्यांसाठी तो वेगळा सांगितलेलाच आहे, अर्ज फॉर्म २० मध्ये. तो डेपोतून निघतानाच हातात घ्या आणि तिथेच उभं राहून चेसिस नंबर, इंजिन नंबर एकेक अक्षर जुळवा. बऱ्याचदा नंबरवर हिरव्या रंगाचे थरावर थर असतात, तो थिनर आणि कापडाने साफ करायचा, ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, कारण इन्स्पेक्टर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतो आणि अक्षराची कड घासलेली दिसली की खाडाखोडीचा संशय आलाच. टाकी ज्याने बांधली त्या बॉडी बिल्डरचा फॉर्म २२ए (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला), विमा (गुड्स कॅरिंगचाच, प्रायव्हेट नाही), पीयूसी हे बाकीचं. डेपोतून गाडी चालवत आणायची असेल तर टेम्पररी नंबर आणि विमा आधी, नाहीतर सरळ ट्रेलरवर टाकून आणा.

रंग बदला! नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. पोरांना तो रंग ठेवायचा असतो, मस्त दिसतो म्हणून, पण नाही चालत.

आता वजन, इथेच सगळे फसतात. पाणी लिटरला एक किलो. समजा कागदावर जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, १२ टन आहे आणि टाकी, पंप बसवून रिकामी गाडी काट्यावर ७ टन भरली, तर उरले ५ टन, त्यातनं ड्रायव्हर-क्लिनर वजा करा, म्हणजे टाकी ४,८०० लिटरची, १०,००० ची नाही. मोठी टाकी बसवून अर्धी भरू म्हणाल तर ते जास्त वाईट, अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं आणि हे ट्रक मुळात उंच, येऊरच्या वळणावर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. आत आडव्या पत्र्याचे कप्पे हवेतच. ओव्हरलोड पकडलात तर २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या दर टनाला २,०००. टाकीचं ड्रॉइंग फायनल करायच्या आधी गाडी काट्यावर न्या, कळंबोलीला काट्यांना तोटा नाही.

इन्स्पेक्शनला रिफ्लेक्टिव्ह टेप (पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल), बाजूचे आणि मागचे गार्ड आणि ६० चा स्पीड गव्हर्नर बघतात. गार्ड लष्करी ट्रकला बहुतेक नसतात, ते फॅब्रिकेटरकडून आधीच लावून घ्या.

"आम्ही पैसे घेत नाही, मग परमिट कशाला" हा प्रश्न येतोच. कायद्यात माल म्हणजे माणसं सोडून गाडीतनं नेलेलं जवळपास सगळं, पाणीसुद्धा, त्यामुळे फुकट वाटलं तरी गाडी मालवाहूच. परमिटमधून सूट आहे ती पालिकेच्या रस्ते धुण्या-शिंपडण्याच्या गाड्यांना, ती तुम्हाला लागू नाही. गुड्स परमिट, फिटनेस, टॅक्स सगळं करायचं. ड्रायव्हरकडे हेवी लायसन्स पाहिजे, एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) ७,५०० किलोपर्यंतच.

पिण्याचं पाणी नेणार असाल तर आतून फूड ग्रेड लेप नाहीतर स्टेनलेस, तळाला गाळ काढायचा व्हॉल्व्ह, झाकणाला कुलूप, आणि नळाशी क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहिलं पाहिजे, टेस्ट किट स्वस्तात मिळतं, ते ड्रायव्हरच्याच डब्यात ठेवा. घोडबंदर रोडवरून जाणार असाल तर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा ट्रॅफिक पोलिसांकडून घेऊन फेऱ्या पहाटेच्या लावा.