सेट टॉप बॉक्स बिघडला म्हणण्याआधी : या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका आजींचा फोन आला की मी आधी विचारतो, "आजी, रुमाल काढलात का?" बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, त्यावर पितळी गणपती, आणि बॉक्स आपोआप बंद होऊन परत सुरू होतो ही तक्रार. बॉक्सला पंखा नसतो. खर्च, आवाज, धूळ सगळंच टाळायला तो दिलेलाच नाही. त्याऐवजी वर जाळी ठेवली, आणि नेमकी तीच आपण झाकतो. एकावर एक दोन बॉक्स ठेवणं किंवा काचेच्या शोकेसमध्ये कोंडणं, तोच प्रकार.

गणपती हलवूनही रीस्टार्ट थांबला नाही तर अडॅप्टर बघा. किंमत खाली आणायला पहिली कात्री तिथेच लागते. आतला कपॅसिटर (वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा डबा) उष्णतेने सुकतो, त्याचं डोकं फुगतं. नुसत्या पिनवर मीटर लावला तर बारा व्होल्ट छान दिसतात. बॉक्स जोडला की नऊ-दहावर घसरतात. म्हणून रिकाम्या पिनवर मोजून "अडॅप्टर ठीक आहे" असं म्हणू नका. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनस तीच.

दुसरी चूक जुन्या सवयीची : पडद्यावर मुंग्या नाहीत म्हणजे सिग्नल भरपूर, असं समजणं. ठाणे आणि नवी मुंबईत केबल डिजिटल करायची मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याआधी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मालिका बघून व्हायची. डिजिटलमध्ये चित्र अगदी कड्यापर्यंत स्वच्छ, मग एकदम चौकोन. दोन वाटांचा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) प्रत्येक वाटेवर सुमारे साडेतीन डीबी (डेसिबल, सिग्नलचं माप) खातो, म्हणजे सिग्नल निम्म्याच्याही खाली. अ‍ॅनालॉगच्या, म्हणजे डिजिटलआधीच्या, काळातला असा एखादा स्प्लिटर माळ्यावर विसरलेला असतोच! काही चॅनेल नीट, काही फुटतात, असं झालं तरी बॉक्सला दोष देऊ नका. एकेका फ्रिक्वेन्सीवर चॅनेलांचा गठ्ठा असतो, फुटतो तोही गठ्ठ्यानेच. बॉक्स उचलून बाहेरून येणाऱ्या मुख्य वायरीला लावा. तिथे चालला तर दोष घरातल्या वायरीत. पावसाळ्यात आधी केबलची पिन उघडून बघा, तांब्याची तार हिरवी पडलेली सापडेल.

चित्र काळंपांढरं दिसतंय? पिवळी पिन चुकीच्या भोकात आहे, नाहीतर टीव्हीचा इनपुट एव्हीऐवजी (पिवळी-लाल-पांढरी पिन) कंपोनंटवर (चित्रासाठी हिरवी-निळी-लाल पिन) आहे. अनेक टीव्हींत पिवळा आणि हिरवा सॉकेट एकच असतो, त्यामुळे चांगले चांगले फसतात. रुंद टीव्हीवर तोंडं पसरट दिसली तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १६:९ करा.

बॉक्सला कुठला सॉकेट ठेवायचा, कुठला गाळायचा, यावर अमेरिकेत तर नियमच होता. तिथे मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला थांबलं. सरकारने बॉक्ससाठी ४० डॉलरची कुपनं दिली, पण कुपनवरच्या बॉक्सला एचडीएमआयची (नव्या एचडी टीव्हीच्या सॉकेटची) मनाई, आणि जुन्या टीव्हीच्या अँटेना पिनसाठी चॅनेल ३ किंवा ४ वर आउटपुट सक्तीचं. जुना टीव्ही चालवायला मदत, नव्याची चैन नको. मला हा हिशेब पटतो. आपल्याकडच्या पुष्कळ बॉक्सना अँटेना पिनचं आउटपुटच नाही. एव्ही नसलेला जुना टीव्ही असेल तर वेगळा मॉड्युलेटर (एव्हीचं चित्र अँटेना पिनच्या चॅनेलवर आणणारी डबी) लावा. टीव्ही भंगारात द्यायची घाई नको.

राहिली मे महिन्यातल्या तक्रारींची गर्दी. गावाहून आल्यावर पैसे भरलेली चॅनेलही दिसत नाहीत, कारण बॉक्स बंद असताना परवानगीचे संदेश त्याला पोचलेले नसतात. अशा वेळी फॅक्टरी रीसेट करू नका. ऑपरेटरला सिग्नल परत पाठवायला सांगा आणि बॉक्स चालू ठेवून जेवून घ्या. कार्डवाला बॉक्स असेल तर शेजाऱ्यांचं कार्ड घालून बघण्यात अर्थ नाही. ते सहसा त्यांच्याच बॉक्सशी बांधलेलं असतं.