अंगावर पित्त उठल्यावर आमसूल कसं वापरावं

माझं माहेर कणकवलीकडचं, सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. मे महिन्यात फोंडा घाटानं परत येताना पिशवीत आमसुलं असतातच. इकडं आमटीला चिंच. आत्याबाईंनी सुरुवातीची दोन वर्षं माझ्या डब्याला हातही लावला नव्हता. मग एका आषाढात रात्री त्यांच्या अंगावर गांधी, म्हणजे पित्ताच्या खाजऱ्या फुगवट्या, उठल्या आणि पहाटे त्यांनीच विचारलं, "तुझी ती काळी सोलं कुठं हाईत गं?"

सहा-सात आमसुलं आधी पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे वरचं मीठ जातं. मग वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चांगली कोळा आणि गाळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. तांब्या-पितळेचं, अॅल्युमिनियमचं नको, आंबटानं धातू पाण्यात उतरतो. पाणी गार झालं की गांधींवर हातानं लावा, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. ऊन पाण्यानं खाज वाढते. खाजवून सोललेल्या जागी लावू नका, फार झोंबतं. डोळ्यांपासून लांब ठेवा. अंगावर जुनंच कापड असू द्या, डाग जात नाही.

प्यायचं असेल तर लावण्याआधीच अर्धं पाणी बाजूला काढा. त्यात आणखी पेलाभर पाणी, जिरेपूड, चिमूटभर साखर. वरून मीठ नको.

गांधी बऱ्याचदा काही तासांत आपोआपच विरतात. त्यामुळं आराम पडतो त्यातलं आमसुलाचं श्रेय किती आणि गार पाण्याचं किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. खाज शमते, एवढं घरात पाहिलंय.

पण एक गोष्ट माझ्या हातून चुकली. भाचा कोळंबी खाऊन आला, अंगभर गांधी. मी आमसूल लावत बसले. त्याचा खालचा ओठ सुजला होता, तरी मी लावतच होते. आवाज घोगरा झाला तेव्हा भान आलं. रिक्षानं दवाखाना गाठला, इंजेक्शन दिल्यावर पोर सावरलं. ती पंधरा मिनिटं मी विसरलेली नाही. ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, आवाज बसणं, दम लागणं, चक्कर, यातलं काहीही दिसलं की वाटी खाली ठेवा आणि 108 ला फोन करा. नवीन गोळी सुरू केल्यावर गांधी आल्या तर डॉक्टरांना लगेच विचारा. सहा आठवडे येत-जात राहिल्या तरी तपासून घ्या.

रक्तदाब असणाऱ्यांनी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, जपून घ्यावं, त्यात मीठ भरपूर असतं. बाटलीतल्या कोकम सरबतात साखर, म्हणून मधुमेह्यांनी ते टाळावं. पोटात अल्सर असेल तर आंबट पाणी जळजळ वाढवतं. गरोदर बाईला आमटीतलं, सोलकढीतलं कोकम चालतं.

वजन उतरवायच्या 'गार्सिनिया' कॅप्सूल मात्र वेगळ्याच. त्या बहुधा कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेच्या अर्काच्या असतात आणि तसल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शेजारची एक सून बाळंतपणानंतर त्या घेणार होती. मी तिला आमसुलाची पुडी दिली आणि म्हटलं, आमटीत घाल, गोळ्या परत कर.