‘एमा’ इंदूरला आणायची तर

मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी कादंबरी लिहायची असेल, तर जेन ऑस्टिनच्या ‘एमा’सारखा सांगाडा शोधून सापडणार नाही. एमा ही इतरांची लग्नं जुळवू पाहणारी तरुणी, नाइटली तिचा जुना मित्र, आणि हेच दोघं शेवटी एकत्र येतात. तीच कथा इंदूरच्या मराठी घरात कशी आणायची, ते पाहू. डिसेंबर १८१५मध्ये आलेली ही कादंबरी आज सगळ्यांची आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात आणि ऑस्टिन गेली १८१७मध्ये. मात्र काम मूळ पुस्तकावरूनच करा. अलीकडच्या अनुवादांवर आणि सिनेमांवर त्यांच्या कर्त्यांचा हक्क असतो, आणि आपल्याला आवडलेला प्रसंग मूळ पुस्तकात होता की दिग्दर्शकाने घातला होता, हे आठवणीवर सोडून चालत नाही.

पहिल्या वाचनात कथा लिहून काढू नका, सांधे लिहून काढा. पुस्तकात ५५ प्रकरणं आहेत. एमा ज्या एल्टनचं लग्न मैत्रीण हॅरिएटशी जुळवू पाहते, तो एमालाच मागणी घालतो ते १५व्या प्रकरणात. क्राउन खाणावळीतला नाच ३८व्यात, बॉक्स हिलची सहल, जिथे एमा एका गरीब बाईचा अपमान करते, ४३व्यात. एमाला स्वतःचं मन कळतं ४७व्यात, आणि नाइटली बोलतो ४९व्यात. म्हणजे जवळजवळ नऊ-दशांश पुस्तक ‘ते दोघं’ असं काही नसतंच. तुमची कादंबरी ४० प्रकरणांची असेल तर अपमानाचा प्रसंग ३१च्या आसपास, उमज ३४मध्ये आणि कबुली ३६मध्ये येते. नवे लेखक घाई करतात. विसाव्या प्रकरणात हात हातात येतो आणि उरलेली वीस प्रकरणं गैरसमज उकरून भरावी लागतात.

आता नातं. मुळात नाइटलीचा भाऊ एमाच्या बहिणीचा नवरा आहे. हे इंदूरच्या मराठी घरात जसंच्या तसं आणलंत तर पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी काकू म्हणेल, ‘दोघी बहिणी जावा-जावा होतील, बरंच आहे की!’ आणि तुमची सगळी उत्कंठा पान दहावर संपेल. म्हणून ते नातं टाका. नायक एकाच वाड्यातला शेजारी करा. रामबागेतला वाडा पडला, एक कुटुंब लोकमान्य नगरला गेलं, दुसरं सुदामा नगरला, पण जाणं-येणं राहिलं. वयातलं १६ वर्षांचं अंतरही आज नको. ती २७, तो ३२, एवढं पुरे.

पण शेजारी केला की दुसरी अडचण उभी राहते, ती म्हणजे भाऊबीज. नायिकेने त्याला एकदा जरी ओवाळलं असेल तर मराठी वाचक पुढचं प्रेम पचवणार नाही, तुम्ही कितीही सुंदर लिहा. तिने त्याला ‘दादा’ म्हटलेलंही चालणार नाही, लहानपणापासून अरे-तुरेच हवं. उलट या अडचणीचा उपयोग करून घ्या. आजी दरवर्षी म्हणते, ‘निरंजनलाही बोलव, एक ताट जास्त,’ आणि निरंजनला, म्हणजे आपल्या नायकाला, दरवर्षी नेमकं त्याच दिवशी देवासला काम निघतं. चौथ्या प्रकरणात हे सहज, एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. मुळातही नाचाच्या रात्री एमा म्हणते की आपण काही भाऊ-बहीण नाही, आणि नाइटली ते तत्काळ आणि जोरात मान्य करतो. तेच बीज आहे.

नायक सीए असला तर सोय होते. आपल्या नायिकेच्या, रेवाच्या, वडिलांचं प्राप्तिकर विवरणपत्र तोच भरतो, त्यामुळे घरात येण्याला कारण लागत नाही, आणि ३१ जुलैपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो मोकळा झाला की सहल निघते. कॅलेंडर असंच बांधा. मूळ कादंबरी साधारण वर्षभर चालते, तुम्हीही तेवढंच वर्ष घ्या. तुळशीच्या लग्नानंतर आत्याचं उशिराचं लग्न (आईविना रेवाला तिनेच वाढवलंय, घर रिकामं होतं ते इथे). जानेवारीत सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्री गराडू (तळलेला कंद) खाऊन परतताना गाडीत तुमच्या एल्टनची आचरट मागणी. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) सुमारास पुण्याहून येणारा देखणा पाहुणा. मे महिन्यात नाचाच्या जागी कुणाच्या तरी लग्नाचं संगीत. मग मांडू.

पियानोचं काय करायचं? मुळात जेन फेअरफॅक्स या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलीकडे ब्रॉडवुड या पियानो बनवणाऱ्यांकडून पियानो येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आणि सगळं गाव तर्क लढवतं. इंदूर हे उस्ताद अमीर खाँचं गाव. इथल्या गाणाऱ्या मुलीकडे मिरजेचा तंबोरा यावा, यापेक्षा चांगली सोय नाही. फक्त ट्रान्सपोर्टने आला तर बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) पाठवणाऱ्याचं नाव असतं, आणि चौकस वाचक ते लगेच विचारतो. बिल्टीवर दुकानाचं नाव लिहा, दुकानदार फोनवर ‘पैसे रोख आले, नाव सांगू नका म्हणाले’ एवढंच सांगतो. लाकडी पेटी जिन्यात अडकते, तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार जण लागतात, त्यामुळे बातमी आपोआप बिल्डिंगभर होते. अशा वस्तूचं वजन कथेच्या कामाला येतं. मोबाइल भेट दिला असता तर कुणालाच कळलं नसतं.

मोबाइलवरून आठवलं. ‘मेसेज पाहिला नाही म्हणून गैरसमज’ हा तोडगा वापरू नका, वाचक म्हणतो, एक फोन कर की! मूळ पुस्तकातला गैरसमज फोन असता तरी झालाच असता. हॅरिएटला कुणीतरी आवडतं, आणि ती आणि एमा ठरवतात की त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि दोघींच्या डोक्यात दोन वेगळी माणसं असतात. मराठीत हे आणखी सोपं जातं. आपली हॅरिएट म्हणजे तेजू. ती म्हणते, ‘त्यांनी त्या दिवशी माझी लाज राखली,’ आणि रेवा समजते पुण्याचा पाहुणा. तेजूच्या मनात असतो संगीतात ती एकटी उभी असताना तिला नाचायला घेऊन गेलेला निरंजन. ३४व्या प्रकरणात नाव उच्चारलं जातं आणि रेवाच्या पायाखालची जमीन सरकते.

आता मांडूची सहल, म्हणजे आपलं बॉक्स हिल. सगळी कादंबरी या प्रसंगावर तोललेली आहे, तेव्हा इथे वेळ घ्या. इंदूरहून सुमारे शंभर किलोमीटर, पावसाळी धुकं, रूपमती मंडपाखाली भाजलेली कणसं, रस्त्याकडेला मांडूची चिंच (गोरखचिंचेची फळं) विकणाऱ्या बायका. मुळात एमा जिचा अपमान करते त्या मिस बेट्सच्या जागी कुंदामावशी: अविवाहित, भाड्याच्या दोन खोल्या, पूर्वी बरे दिवस पाहिलेली, बोलत सुटली की थांबत नाही. भेंड्या चालल्या आहेत. रेवा म्हणते, ‘मावशी, अट एवढीच, एक कडवं म्हणायचं आणि थांबायचं. जमेल ना?’ सगळे हसतात. कुंदामावशीही हसते, पण जरा उशिरा.

टोमणा एवढाच छोटा हवा. शिवी नको, पैशावरून टोमणा नको. तो खरा असतो आणि सगळे हसतात, म्हणून लागतो. रेवाला दुष्ट केलंत तर पुढे कुणाला तिची काळजी वाटणार नाही.

मग गाड्यांपाशी निरंजन तिला गाठतो.

‘तू काय बोललीस ते कळलं का तुला?’
‘गंमत केली रे. आणि तिला काही कळलंही नसेल.’
‘कळलं. गाडीत बसताना मला म्हणाली, मी फार बोलते, रेवाचं बरोबर आहे.’
रेवा गप्प.
‘तू पाचवीत असताना रोज सकाळी तुझी वेणी कोण घालायचं? तिचे दिवस बरे असते तर मी एक शब्द बोललो नसतो.’

बस, एवढंच. आवाज चढवू नका, त्याला ‘मला तुझ्याबद्दल आदर आहे’ वगैरे म्हणायला लावू नका. या प्रकारच्या कथेत हाच खरा प्रेमप्रसंग असतो. तिला असं बोलू शकणारा दुसरा माणूस गावात नाही, आणि परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, तिला जे रडू येतं ते अपमानाचं नसून त्याच्या नजरेतली आपली जागा गेली याचं असतं. माफी तिने त्याची मागायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुंदामावशीकडे जाते, आणि ते त्याला तिच्याकडून कळत नाही. वडील बोलता बोलता सांगून जातात.

निवेदन तिच्या डोक्यातून, पण तृतीयपुरुषी. ‘तिला वाटलं की’ शक्य तिथे काढून टाका. ‘निरंजन उशिरा आला. तेजूला सोडायला गेला असेल, दुसरं काय. आणि तिला काय त्याचं!’ एवढ्यात ती स्वतःला फसवते आहे हे वाचकाला दिसतं. ऑस्टिनने ४१वं प्रकरण तेवढं नाइटलीच्या डोळ्यांनी लिहिलं आहे. तुम्हीही एकच द्या, जास्त नको. भाषा पुण्याची करू नका. घरात मराठी, रिक्षावाल्याशी आणि पोहे-जलेबीच्या ठेल्यावर हिंदी, आणि मराठीतही ‘पाचला येऊन जाईन’सारखी हिंदीच्या वळणाची वाक्यं. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला सगळे भेटतात तेव्हा मात्र हीच माणसं कटाक्षाने शुद्ध बोलतात. विनोद हवा असेल तर तो तिथे आहे.

कबुली राजवाड्यासमोर घेऊ नका, फोटोसारखी होते. पाऊस उघडल्यावर कॉलनीची बाग, बसायला ओला बाक. त्याला वाटतं ती पुण्याच्या पाहुण्यासाठी झुरते आहे. तिला वाटतं तो तेजूबद्दल बोलणार, म्हणून ती त्याला थांबवते. मग त्याचा चेहरा पाहते आणि स्वतःला लागणार हे माहीत असूनही म्हणते, ‘बोल. मैत्रीण आहे ना मी तुझी.’ हा वळसा गाळलात तर उरतं फक्त ‘आय लव्ह यू’. तिचं उत्तर ऑस्टिनने दिलेलंच नाही, योग्य तेच बोलली एवढं म्हणून ती पुढे सरकते. तुम्हीही अवतरणचिन्हं टाळा.

त्यानंतर चार प्रकरणं उरतात, आणि मराठी घरातला मोठा प्रश्न तिथे आहे. एसीचा वारा बाधतो म्हणणारे, फ्रीजच्या पाण्याला घाबरणारे वडील एकटे कसे राहणार? मुळात नाइटलीच एमाच्या घरी राहायला येतो. म्हणजे आपल्याकडे घरजावई. त्याच्या आईला हे पटायला एक अख्खं प्रकरण द्या, आणि त्या प्रकरणात आईला खलनायिका करू नका, तिचा मुद्दा खरा आहे. वडिलांना पटवायला ऑस्टिनने कोंबड्याचोर आणले होते: शेजारचे टर्की पक्षी चोरीला जातात आणि घरात तरणा माणूस हवा असं म्हाताऱ्याला एकदम वाटू लागतं. सुदामा नगरात टर्की नाहीत. शेजारच्या गच्चीवरची पाण्याची मोटर रातोरात नाहीशी होऊ द्या. सकाळी वडील स्वतःच निरंजनला फोन करतात आणि विचारतात, सामान किती आहे तुझं, वरची खोली पुरेल का.